जायला सहा तास दहा, यायला पावणेसात

३ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू न वाचताच कपाटात टाकणार, हे मला माहीत आहे. म्हणून आधीच सांगते, तुझ्या लेकीला मी कल्पना देऊन ठेवली आहे. ती तुझ्याकडून वाचून घेईल. तेव्हा मुकाट्याने बस आणि वाच.

नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही नाही. आज लिहिते आहे ते तुझ्या लेकीमुळे. परवा तिने थेट आमच्या तिकिटाच्या ऑफिसात फोन केला. मी सवयीने विचारलं, बोला, कुठं जायचंय? तर ही म्हणते, मावशी, मला कुठंच जायचं नाही, तू इकडे यायचंस, माझं लग्न आहे. समोर एक आजोबा नातवाकडे जायचं तिकीट काढायला बसले होते. माझा चेहरा बघून ते घाबरलेच, काही वाईट बातमी का म्हणाले. मी म्हटलं, भाचीचं लग्न ठरलंय हो. आणि त्याच आनंदात त्यांना खिडकीजवळची जागा देऊन टाकली.

मुलगा चष्म्याच्या दुकानात आहे म्हणे, स्वतः भिंगं घासतो. आणि आपली ही दातांच्या कवळ्या करते. म्हणजे म्हातारपणी तुझी काही काळजी नाही, डोळे आणि दात दोन्ही घरचेच. चार एप्रिलला नोंदणी कार्यालयात सह्या, मग जेवण, एवढंच करणार आहेत. साक्षीदार म्हणून मावशीची सही हवी, नाहीतर मी सहीच करणार नाही, असं तिने मला बजावलं. हट्टीपणा कुणाचा घेतलाय ते मी सांगायला नको.

तुझं शहर माझ्यापासून चार हजार नऊशे किलोमीटर आहे. जायला सहा तास दहा मिनिटं लागतात, यायला पावणेसात, कारण येताना वारा समोरून असतो. तुमची घड्याळं आमच्या अडीच तास पुढे. हे मला झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. सत्तावीस वर्षं मी त्या काउंटरवर बसते आहे आणि या दोन शहरांमधली माणसं किती वेळा पाठवली असतील याला गणती नाही. काही वाटत नाही हो, उतरताना कानाला जरा दडे बसतात, गोळी चघळायची, असं सगळ्यांना सांगते. आता तुझ्यापासून काय लपवायचं? मी स्वतः आजवर विमानात पाऊल ठेवलेलं नाही. भीती वाटते. ऑफिसात कुणालाच हे ठाऊक नाही, आणि तूही बोलू नकोस.

मागचं म्हणशील तर मी ते मनात ठेवलेलं नाही. आईच्या शेवटच्या दिवसांत तुझं विमान चुकलं, तू पोचलीस तेव्हा सगळं उरकलं होतं. माणसाकडून होतं असं. मी कधीच माफ केलंय.

येऊ ना?

ताई


१८ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझ्या लेकीचा फोन आला. आईने पत्र वाचलं, मग तासभर भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली, आणि शेवटी म्हणाली, येऊ दे तिला, पण मी विमानतळावर जाणार नाही. आणि माफ कुणी कुणाला केलं ते जरा विचार तिला. लेकीने मला तसंच्या तसं विचारलं. मी म्हटलं, अगं, गिऱ्हाईक आलंय, ठेवते. गिऱ्हाईक वगैरे कुणी नव्हतं.

असो. तिकिटाची गंमत ऐक. आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर व्हिसाचे अर्ज भरणारा एक जण आहे, आम्ही त्याला व्हिसावालाच म्हणतो. मी लग्नाला जाणार कळल्यावर त्याने हौसेने माझं तिकीट स्वतः काढलं. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची तिकिटं काढलीत, तुमचं मी काढणार, म्हणाला. पाकिटात घालून वर रिबीन बांधून दिलं. मी उघडलं आणि बघितलं तर मध्यरात्रीचं विमान. बारा चाळीसचं.

मी त्याला असं काही फाडून खाल्लं की बिचारा चहा अर्धा टाकून उठला. नंतर जाऊन मी माफी मागितली, तिकीट बदललं, सकाळचं घेतलं. नऊ वीसला निघतं, तुमच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सहाला उतरतं. तो मला विचारत होता, मॅडम, रात्रीच्या विमानाचं तुमचं एवढं काय वाकडं आहे? त्याचं विचारणं बरोबरच आहे. गेली नऊ वर्षं मध्यरात्रीचं कुठलंही तिकीट माझ्या हातून गेलं की मी त्यावर तारखेभोवती लाल पेनाने गोल करते, आणि माणसाकडून तीनदा वदवून घेते की घरून कुठल्या दिवशी निघणार. लोक हसतात. एक डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या की शाळेत आल्यासारखं वाटतं. पण माझ्या हातून गेलेल्या कुणाचं विमान चुकलेलं नाही.

का ते मी व्हिसावाल्याला सांगितलं नाही. तुलाही इथं सांगणार होते. पण जागा संपत आली. खोटं कशाला बोलू, जागा पुष्कळ आहे.

ताई


२ मार्च

भिंगरी,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तीन तुझ्या भावोजींनी केराच्या टोपलीतून काढून वाचली आणि म्हणाले, यातलं दुसरं पाठव, त्यात तू कमी रडली आहेस. मी कुठलंच पाठवलं नाही. आता सरळ लिहिते.

तुझं विमान तू चुकवलं नाहीस. मी चुकवलं.

तुझं तिकीट मीच काढलं होतं, आठवतंय ना? चौदा तारीख, बारा चाळीस. तेरा तारखेच्या रात्री बारा वाजले की चाळीस मिनिटांनी ते विमान उडतं, म्हणजे घरून तेराला जेवून निघायचं. हे मी तेव्हासुद्धा अठरा वर्षं लोकांना समजावत आले होते. पण चार दिवस मी दवाखान्यात आईच्या उशाशी बसून होते, आणि तुला फोनवर सांगितलं ते असं: "चौदा तारखेला रात्री जेवून निघ, बारा चाळीसचं विमान आहे." तू ताईचं ऐकलंस. चौदाला रात्री दहाला बॅग घेऊन विमानतळावर गेलीस. विमान आदल्या रात्रीच गेलं होतं, आणि पुढचं थेट सोळाला.

तिथून तू मला फोन केलास. तू रडत होतीस. मी पर्समधून तिकिटाची प्रत काढली आणि बघितली. मला त्याच क्षणी कळलं. आणि कळूनसुद्धा मी काय म्हणाले? "नीट बघायचं ना गं." माझ्या तोंडून हे कसं निघालं ते मला आजही समजत नाही. निघालं एवढं खरं.

पंधराला दुपारी आई गेली. तू सोळाला पहाटे आलीस. सगळ्या नातेवाइकांसमोर मामा म्हणाला, आई मरायला टेकलेली असताना विमान चुकतंच कसं माणसाचं? तू खाली बघत उभी होतीस. मी तुझ्यापासून दोन हातांवर होते. एक वाक्य बोलायचं होतं मला, पण मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

मग तू गेलीस, फोन बंद केलास, आणि मला मनातून बरंच वाटलं. हेही लिहून टाकते. तू बोलत नव्हतीस तोवर मला कबूल करावं लागत नव्हतं. लोक विचारायचे, धाकटीचं काय? मी म्हणायचे, तिला तिचा संसार आहे. आणि गेल्या महिन्यात तुला माफ केल्याचं लिहिलं. माझी मलाच लाज वाटते.

मामाला मी काल जाऊन सांगितलं. तो आता ऐकायला कमी येतं म्हणतो, म्हणून ओरडून सांगावं लागलं. शेजारच्या दोन घरांनाही कळलं. बरं झालं.

तू आता ये म्हणालीस तरच येईन. नाही म्हणालीस तर सही करून कागद टपालाने पाठवीन, चालतो का ते विचारून घेते. तिकीट रद्द करायला मला एक मिनिट लागतं. तू अजिबात संकोच करू नकोस.

ताई


२२ मार्च

भिंगरी, भिंगरी, भिंगरी,

तुझं पत्र आलं! म्हणजे पत्र तरी कसं म्हणू, दोन ओळी. "रद्द करू नकोस. येताना आईचा फोटो आण. मी न्यायला येते." पोस्टमनसमोरच मी रडायला लागले आणि त्याने मला पाणी दिलं, माझ्याच घरातून आणून.

इथे वीस दिवस माझं काय झालं असेल याची तुला कल्पना नाही. तुझी लेक फोनवर म्हणायची, आईला विचारलं की ती पडदे शिवायला बसते. तुझं पडदे शिवायचं काम एवढ्या वेगाने कधीच झालं नसेल. मी रोज सकाळी ऑफिसात जाऊन माझं तिकीट उघडायची, बघायची, मिटायची. आज जीव भांड्यात पडला.

आता तयारी. भावोजींनी न्हाणीघरातला वजनकाटा बाहेरच्या खोलीत आणून ठेवला आहे आणि माझी बॅग त्यावर रोज चढते. ते स्वतः येत नाहीत, गुडघा दुखतो, पण त्यांचा रुबाब असा की विमान तेच चालवणार आहेत. तेवीस किलोच्या वर एक रुमाल जाऊ देत नाहीत. मी म्हटलं, हे नियम मी जगाला सांगते, मला काय शिकवता? तर म्हणतात, तू आजवर नुसतं सांगितलंस. त्यांना माहीत आहे गं, मी कधी बसलेले नाही ते. नवऱ्यापासून किती लपणार.

व्हिसावाल्यालाही शेवटी सगळं सांगितलं. तुझं, माझं, बारा चाळीसचं. त्याने माझं लाल पेन उचललं आणि माझ्या तिकिटावर सकाळच्या वेळेभोवती गोल करून विचारलं, मॅडम, घरून कुठल्या दिवशी निघणार? तीनदा सांगा. मी तीनदा सांगितलं. सगळं ऑफिस हसत होतं, मीपण.

चष्मेवाल्याला माझा नंबर कळव. डावा साडेतीन, उजवा तीन. लग्नात नवरदेवाला काही काम तर हवं.

ताई


२ एप्रिल, विमानात

भिंगरी,

चार तासांनी भेटणारच आहोत, तरी लिहिते. हाताला चाळा हवा.

निघताना मी डोळे मिटून पट्टा घट्ट धरला होता. शेजारी कॉलेजात शिकणारी एक मुलगी आहे, तिने विचारलं, काकू, पहिल्यांदाच का? मी म्हटलं, छे, सत्तावीस वर्षं या धंद्यात आहे. तेवढ्यात चाकं सुटली आणि मी त्या मुलीचा हात इतका आवळला की तिची अंगठी माझ्या तळव्यात उमटली. नंतर खरं काय ते सांगून टाकलं. तिने मला खिडकीची जागा दिली.

अगं, कुणी मला सांगितलंच नव्हतं. म्हणजे मीच सगळ्यांना सांगत होते, मला कोण सांगणार? खाली ढग असतात. वर ऊन, खाली ढग, आणि मध्ये आपण ताटात जेवतोय. हवाई सुंदरी मला आई म्हणाली. मी दोनदा चहा मागितला, दोन्हीदा मिळाला. समोरच्या छोट्या पडद्यावर एक विमान हळूहळू सरकतंय आणि खाली आकडा येतोय, किती किलोमीटर राहिले. तीन हजार दोनशे. मी बघत असताना तीन हजार एकशे नव्वद. मी इतकी वर्षं हा आकडा नुसता पाठ म्हणत होते, आज तो माझ्यासाठी कमी होतोय. मला इतका आनंद झालाय की शेजारच्या मुलीला मी तुझी सगळी कथा सांगितली. ती रडली. आता झोपली आहे बिचारी.

तुला ओळखेन का मी? तू मला ओळखशील, मी फक्त रुंद झाले आहे.

ताई


११ एप्रिल, परतीच्या विमानात

माझी भिंगरी,

वा गं वा. दहा दिवस एका घरात राहिलो, एका पलंगावर झोपलो, आणि तू बोललीस कधी, तर मी तपासणीच्या रांगेत उभी असताना. मागे बायका ढकलतायत, समोर माणूस पासपोर्ट मागतोय, आणि तू माझी बाही धरून सांगतेस.

"ताई, मी तिकीट वाचलं होतं. तेराला दुपारीच वाचलं होतं."

आणि मग भराभर बाकीचं. की तुला दुपारी चारलाच कळलं, विमान आज रात्रीच आहे. बॅग भरलेली होती, वेळ हातात होता. तू बॅगेवर बसून राहिलीस. आईला तशी नळ्या लावलेली बघायची तुझी छाती झाली नाही. ताईने चौदा सांगितलंय ना, मग चौदाच, असं स्वतःला सांगत बसलीस. दुसऱ्या दिवशी विमानतळावर जाऊन तिथल्या माणसाशी भांडलीससुद्धा. मामा बोलला तेव्हा मी गप्प राहिले, त्यावरून तुला वाटलं की ताईला सगळं कळलंय आणि ती पांघरूण घालते आहे. फेब्रुवारीत माफ कुणी कुणाला केलं असं विचारलंस, त्या म्हणे चोराच्या उलट्या बोंबा होत्या. आणि माझं ते मार्चमधलं पत्र वाचल्यावर तुला धरणी दुभंगावी असं झालं. म्हणून तू दिवसचे दिवस पडदे शिवत बसलीस.

मी नुसता तुझा गालगुच्चा घेतला आणि आत गेले. तुला वाटलं असेल मी रागावले. वेडे, राग कसला. आत जाऊन खुर्चीत बसले आणि मला हसू यायला लागलं. खरंच हसू. आपण दोघी नऊ वर्षं एकमेकींपासून तोंड लपवत होतो, प्रत्येकीला वाटत होतं चोर मीच. एक फोन केला असता तर दहा मिनिटांत भांडून मोकळ्या झालो असतो. शेजारच्या माणसाने खुर्ची बदलली.

दहा दिवस फार सुखाचे गेले गं. विमानतळावर तू मला ओळखलंस आणि पहिलं वाक्य काय, तर चप्पल असली घालून आलीस? तिथेच माझं अर्धं दुखणं गेलं. सही करताना मला रेघच दिसेना आणि चष्मेवाल्याने आपला चष्मा काढून मला दिला, तर मग त्याला स्वतःला कुठे सही करायची ते दिसेना, आणि त्याने माझ्याच नावापुढे सही ठोकली. अधिकारीबाईंनी नवा कागद काढला. तुझी लेक हसून हसून खाली बसली. हे मी मरेपर्यंत सांगत राहणार आहे. आणि आईचा फोटो तू शिवणयंत्राच्या समोर लावलास, ते मला फार आवडलं.

आता माझ्याकडे पावणेसात तास आहेत, आणि तुला एक सांगायचं आहे. हे मी भावोजींनाही सांगितलेलं नाही.

तू आलीस की नाही, याने आईचं काय झालं असतं, हा विचार तू नऊ वर्षं केलास. मीपण केला. म्हणून ऐक. पंधराला दुपारी खोलीत मी एकटीच होते, भावोजी औषध आणायला खाली गेले होते. आईने डोळे उघडले. माझा हात चाचपला आणि विचारलं, "भिंगरी, आलीस?"

मी 'मी ताई' म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी म्हटलं, "आले, आई."

आईने माझा हात गालाला लावला. तुझा म्हणून. मला वाईट वाटलं नाही असं नाही, मी इतके दिवस तिथे होते आणि तिला तू हवी होतीस. पण त्याहून जास्त बरं वाटलं. ती निवांत झाली गं. श्वाससुद्धा हलका झाला. तासाभराने ती गेली ती तुला भेटून गेली, तुझी वाट बघत गेली नाही. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वाटायचं की तुझं नाव घेऊन मी तुझा वाटा खाल्ला. आधी तुझं विमान घालवलं आणि वर तुझ्या जागी जाऊन बसले. कुठल्या तोंडाने सांगणार होते?

त्या तासात ती एवढंच आणखी बोलली, आणि ते तुझं आहे, माझं नाही. तिने मला विचारलं, "किती वेळ लागला गं यायला?" माझ्या तोंडून काउंटरवरचं उत्तर आपोआप निघालं, "पावणेसात तास."

आईने जरा विचार केला. मग नेहमीसारखी कपाळाला आठी घालून म्हणाली, "एवढेच? मग येत जा की अधूनमधून."

तर आईने तुला असं सांगितलंय. खाली आमच्या शहरातली घरं दिसायला लागली आहेत, पट्टा बांधायला सांगतायत, आणि दिवाळी नको, सुट्टी नको, कसलं निमित्त नको. सोमवारी ऑफिसात गेले की पहिलं तिकीट तुझं काढते, दिवसाचं.

ताई